कोंडाजींचं काहीच दुखत नाही

भुकूममध्ये पाणी सोडायचं काम कोंडाजी वाळंजांकडे आलं तेव्हा गावात सात व्हॉल्व्ह होते. आता एकेचाळीस आहेत. सातांचे एकेचाळीस होईपर्यंत सत्तावीस वर्षं गेली, गावाच्या शेतांत सोसायट्या उभ्या राहिल्या, ग्रामपंचायतीत पाच-सहा सरपंच येऊन गेले. पाणी सोडणारा तोच राहिला आणि त्याची सायकलही तीच राहिली. काळी, बावीस इंची, दांड्याला सुतळीने बांधलेली व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी. रस्त्याकडेचं झाकण उचलायचं, चावी आत घालायची, फिरवायची, पुढच्या झाकणाकडे जायचं. उघडायला एकदा, बंद करायला एकदा. म्हणजे दिवसातून ऐंशी-ब्याऐंशी वेळा सायकलीवरून चढ-उतार, आणि टाकीचा चढ धरून चौदा किलोमीटर.

हे करायची त्यांना काही गरज नव्हती. रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा विकून त्यांनी दोन मजली घर बांधलं होतं आणि वरच्या खोल्या भाड्याने दिल्या होत्या. मुलगा रोहित सारखा म्हणायचा, "आबा, आता सोडा ते काम. लोक मला विचारत्यात." कोंडाजी म्हणायचे, "मला बी इचारत्यात. पानी कवा येनार म्हून." घरमालकाला चार भाडेकरू नमस्कार करतात, चावीवाल्याला अख्खं गाव करतं, हा हिशोब त्यांनी मुलाला कधी समजावून सांगितला नाही, पण तो त्यांच्या डोक्यात पक्का होता.

वरच्या खोलीतला स्वानंद मूळचा परभणीचा, नोकरीला हिंजवडीत. ऑफिसात एकदा आरोग्य तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरने त्याचा कागद बघून नुसतं "हं" केलं. त्या "हं"ला घाबरून त्याने पुढच्याच शनिवारी सायकल आणली. करड्या रंगाची, बोटाने उचलता येईल इतकी हलकी, आणि सीट अशी की ती बसण्यासाठी केली आहे यावर कोंडाजींचा विश्वासच बसेना. "ही सीट हाय का उलथनं?" एवढंच ते म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात स्वानंद जिना आडवा उतरताना दिसला, काठोकाठ भरलेली घागर सांभाळत उतरावं तसा. सकाळची वेळ. कोंडाजी ओट्यावर बसून सायकलीला चावी बांधत होते. दारात त्यांची बायको गोजराबाई लसूण सोलत बसली होती. स्वानंद खाली आला, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली करून म्हणाला, "काका, एक विचारू? तुमची ती... बसायची जागा दुखत नाही का?"

"न्हाई," कोंडाजी म्हणाले.

"गुडघे?"

"न्हाई."

"हाताला मुंग्या? ही शेवटची दोन बोटं बधिर होतात बघा."

"काय हुतंय बधिर व्हायला? सायकल हाय ती, नांगर न्हाई."

गोजराबाईचा लसणीवरचा हात थांबला. तिने नवऱ्याकडे बघितलं, मग लसणीकडे बघितलं, आणि पुढची पाकळी सोलायला घेतली. परक्या माणसासमोर नवऱ्याला खोटं पाडायची तिची रीत नव्हती. पण कोंडाजींचा डावा गुडघा कुठे सुजतो, उजव्या हाताची कोणती दोन बोटं चार वर्षांपासून बधिर होतात, आणि उन्हाळ्यात त्यांना पालथं का झोपावं लागतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. रोज संध्याकाळी निर्गुडीच्या तेलाची बाटली घेऊन तो गुडघा तीच चोळायची.

त्या संध्याकाळी कोंडाजींनी पाय लांब केला तेव्हा ती म्हणाली, "काय दुखत न्हाई म्हनं तुमचं. मंग बाटली वर ठिवू का?"

"आगं, भाडेकरू हाय त्यो. त्याला काय सांगायचं आपलं?"

खरं तर कोंडाजी खोटं बोलले होते असंही म्हणता येत नाही. त्यांच्या लेखी दुखणं म्हणजे ज्याने काम थांबतं ते. काम थांबलं नव्हतं. बाकी जे होतं ते अंगाचं आपलं चालायचंच.

स्वानंद मात्र दुसऱ्या दिवशी मोबाइल घेऊन हजर झाला. इतकी वर्षं काहीच दुखलं नाही म्हणजे काकांकडे काहीतरी युक्ती असणार. कोंडाजींनी सांगितलं. खडीचा रस्ता आला की बूड उचलून धरायचं, सगळा भार सीटवर टाकायचा नाही. हँडल गळा दाबल्यासारखं धरायचं नाही, कोंबडीचं पिल्लू धरतो तसं धरायचं, आणि हात एकाच जागी ठेवायचे नाहीत. मुठीला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची. चढावर जोर काढायचा नाही, खाली उतरून चालायचं. "तितं कोन तुमाला हार घालाया उभं न्हाई." स्वानंदने सगळं टिपून घेतलं. ज्याचं कधी काहीच दुखलं नाही त्याला एवढे उपाय कसे माहीत, हा प्रश्न त्याला पडला नाही.

आठ दिवसांत त्याच्या हाताच्या मुंग्या गेल्या. बसायची जागाही सरावली, ती तशीही सरावलीच असती. पण स्वानंद कृतज्ञ माणूस होता. सूसपासून भुकूमपर्यंतच्या सोसायट्यांतल्या सायकलवाल्यांचा 'पेडल परिवार' नावाचा एक ग्रुप होता. त्यावर त्याने कोंडाजींचा व्हिडिओ टाकला. काळ्या सायकलीवर चावी घेऊन चाललेले कोंडाजी, आणि खाली ओळ: सत्तावीस वर्षं, रोज चौदा किलोमीटर, एकही दुखणं नाही.

ग्रुपचे प्रमुख दिग्विजय हे मोठ्या हुद्द्यावरचे गृहस्थ. रोज पहाटे ते ग्रुपवर एक विचार टाकायचे आणि तो विचार बहुधा वेदनेवर मात करण्याविषयी असायचा. त्यांनी व्हिडिओ पुढे पाठवला. पुढच्यांनी त्याच्याही पुढे पाठवला. आठवड्याभरात कोंडाजींना रस्त्यात लोक थांबवू लागले. हेल्मेट घातलेली, घामेजलेली माणसं व्हॉल्व्हपाशी सायकली आडव्या टाकायची आणि विचारायची, "काका, मान धरते. काय करू?" "काका, तळपाय जळजळतात." कोंडाजी चावी फिरवता फिरवता उत्तर द्यायचे. सांगायला त्यांना आवडत होतं, यात लपवण्यासारखं काही नाही. सत्तावीस वर्षांत त्यांना लोकांनी फक्त एकच प्रश्न विचारला होता, पाणी कधी येणार.

भानगड अशी झाली की आता त्यांना लंगडता येईना. एरवी पिठाच्या गिरणीजवळचा सव्विसावा व्हॉल्व्ह झाला की ते पायरीवर टेकायचे आणि गुडघा दोन मिनिटं दाबून घ्यायचे. आता गिरणीवरूनच सायकलवाले जायचे. त्यामुळे कोंडाजी तिथे ताठ उभे राहायचे, हात हलवायचे, आणि दात आवळून सायकलीवर टांग टाकायचे. चढावर उतरून चाला असं लोकांना सांगणारा माणूस स्वतः मात्र टाकीचा चढ सायकलीवरून चढू लागला, कारण वर कुणीतरी व्हिडिओ घेत असायचं. गुडघा जो पूर्वी संध्याकाळी सुजायचा तो दुपारीच सुजू लागला.

एक दिवस स्वानंद भाडं द्यायला आला आणि नाक वर करून म्हणाला, "काका, हा कसला वास?"

"तेल हाय. तुज्या काकूचं. तिचं गुडघं दुखत्यात."

स्वानंद गेल्यावर गोजराबाईने बाटलीचं बूच असं लावलं की ते परत निघायला दोन दिवस लागले. "माजं गुडघं?" ती म्हणाली. "माजं दुखतंय ते मनगाट. आन् ते कशापायी दुखतंय? तुमचं गुडघं चोळून!"

दुसऱ्या दिवशी स्वानंदने काकूंसाठी गुडघ्याला चढवायची लवचीक पट्टी आणून दिली. गोजराबाईने ती दोन बोटांत धरून नवऱ्यापुढे टाकली. त्या दिवसापासून कोंडाजी ती लेंग्याच्या आत घालून पाणी सोडायला जाऊ लागले.

अशात निमंत्रण आलं. दिग्विजयांच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये रविवारी सकाळी कार्यक्रम, विषय 'वेदनामुक्त सायकलिंग', प्रमुख पाहुणे कोंडाजी वाळंज. निमंत्रणावर त्यांचा फोटो होता. फोटोत ते हसत होते. तो टाकीच्या चढावर काढलेला आहे आणि ते हसणं नाही, हे फक्त त्यांनाच माहीत होतं.

कार्यक्रमाला दहा दिवस उरले आणि गुडघा वाकायचा थांबला. गावातल्या दवाखान्यात जायची सोय नव्हती. तिथे अर्धा पेडल परिवार सर्दी-खोकल्याला यायचा. कोंडाजी एसटीत बसले आणि लेकीकडे नेऱ्याला गेले. लेक अपेक्षा नेऱ्यात दिली होती. तिच्या सासरच्यांनी रस्त्यावर गाळे काढले होते आणि त्यातला एक गाळा जुईली नावाच्या फिजिओथेरपिस्ट मुलीला भाड्याने दिला होता. बाप तीन पायऱ्या चढायला किती वेळ घेतो हे अपेक्षाने बघितलं. चहाचं आधण उतरवलं आणि त्यांना तसंच त्या गाळ्यात नेऊन, आत नाव आणि दुखणं सांगून बसवलं. नेरं भुकूमपासून चांगलं लांब. इथे ओळखीचं कुणी भेटणार नाही, या विचाराने कोंडाजींनी खुर्चीत पाय सैल सोडला.

समोरच्या खुर्चीत एक माणूस तोंडापुढे मोबाइल धरून बसला होता. मोबाइल जरासा खाली आला. स्वानंद होता.

कोंडाजी खुर्चीत ताठ बसले.

"काका, तुम्ही इथे?"

"लेकीकडं आलतो," कोंडाजी म्हणाले. "तू?"

"मी... मित्राकडे. जवळच राहतो तो. ऑफिसपासून जवळ पडतं."

आतला पडदा सरला आणि जुईली वही घेऊन बाहेर आली. "स्वानंद, गुडघ्याच्या मागचं दुखणं कसं आहे? आणि कोंडाजी वाळंज कोण? डावा गुडघा ना?"

चारच दिवसांपूर्वी स्वानंदने ग्रुपवर लिहिलं होतं, काकांच्या टिप्समुळे शंभर टक्के आराम. ते आठवून त्याचे कान लाल झाले. कोंडाजींना ते ठाऊक नव्हतं. ते खाली मान घालून स्वतःच्या लेंग्याकडे बघत होते. त्यातून पट्टीची कड बाहेर आली होती.

"ही काकूंची ना?" स्वानंद म्हणाला.

"व्हय," कोंडाजी म्हणाले. आणि मग त्यांना हसू आलं, आणि स्वानंदलाही.

जुईलीने दोघांनाही एकदमच आत घेतलं. कोंडाजींचा गुडघा दाबला, वाकवून बघितला, मग विचारलं, सायकलची सीट केवढी उंच आहे. कोंडाजींनी सांगितलं, सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला पुरे टेकतात. दिवसातून ऐंशी वेळा उतरायचं तर तेच बरं पडतं. जुईलीने कपाळाला हात लावला. "काका, इतक्या खाली बसलं की प्रत्येक फेऱ्याला गुडघा जास्त दुमडतो. सगळा ताण पुढून वाटीवर येतो. पेडल अगदी खाली गेलं की पाय जवळजवळ सरळ व्हायला पाहिजे, थोडासाच वाकलेला." स्वानंदचं नेमकं उलटं होतं. कुठल्याशा व्हिडिओत बघून त्याने सीट इतकी वर नेली होती की पेडल गाठायला कंबर डावी-उजवीकडे झुलायची आणि गुडघ्यामागची शीर ओढली जायची.

"म्हंजी माजी वर आन् ह्याची खाली," कोंडाजी म्हणाले. "आमी सायकली बदलल्या आसत्या तरी भागलं आसतं की."

बोटांचं ऐकून मात्र जुईली हसली नाही. "चार वर्षं? आणि कुणाला सांगितलं नाही?"

"बायकूला सांगितलं."

"डॉक्टरांना?"

"तुमालाच पयल्यांदा."

तिने त्यांना बोटं ताणून धरायला लावली, चिमटीत कागद पकडायला लावला, जोर अजून आहे म्हणाली. पण चावी फिरवताना आणि हँडल धरताना तळव्याच्या त्या कडेवर भार देऊ नका, जोर कमी वाटला तर एक दिवसही न थांबता डॉक्टरांना दाखवा, असं दोनदा बजावलं. आठ दिवस चढ बंद. दारात उभी असलेली अपेक्षा म्हणाली, "आणि आईला घेऊन या. तिचं मनगट कोण बघणार?" सत्तावीस वर्षांत कोंडाजींना हा प्रश्न कधी सुचला नव्हता.

परतताना स्वानंदने त्यांना आपल्या बाइकवर मागे बसवलं. घोटवड्याच्या पुढे आल्यावर तो म्हणाला, "काका, रविवारचं काय करायचं?"

"काय करायचं म्हंजी? जाऊन खरं सांगायचं."

"सगळं?"

"मंग निम्मं सांगून काय उपेग?"

समोर खड्डा आला, गाडी हळू झाली. मग स्वानंद म्हणाला, "माझं नाव नका घेऊ, काका." कोंडाजी म्हणाले, बरं.

रविवारी क्लबहाऊस भरलं. अंगाला चिकटलेल्या रंगीत कपड्यांतली शंभरेक माणसं, आणि पहिल्या रांगेत हिरवं लुगडं नेसलेली गोजराबाई, उजव्या मनगटाला जुईलीने बांधलेला पट्टा. दिग्विजयांनी कोंडाजींना शाल घातली, सिमेंटच्या जंगलात हरवलेल्या साधेपणाबद्दल बरंच बोलले आणि शेवटी माइक पुढे केला. "काका, वेदनेवर विजय मिळवायचं तुमचं रहस्य आज आम्हाला सांगाच."

कोंडाजी उभे राहिले. घसा साफ केला.

"माजा डावा गुडघा दुखतोय," ते म्हणाले. "लई वर्सं झाली. उजव्या हाताची दोन बोटं बधिर व्हत्यात. उन्हाळ्यात खाली गळवं येत्यात, मंग मी पालथा झोपतो. मान बी धरती. न्हाई दुखत म्हनालो ते खोटं हुतं."

मग कुणीतरी हसलं, आणि सगळं सभागृह हसलं. टाळ्या सुरू झाल्या. दिग्विजयांनी माइक हातात घेतला. "काय ही विनम्रता! आपल्याला कमीपणा वाटू नये म्हणून काका स्वतःला दुखणी लावून घेतायत."

गोजराबाई जागची उठली. "आवो, इनोद न्हाई त्यो," ती म्हणाली. "रोज सांजच्याला मी तेल लावून चोळते. हा बगा माजा हात." तिने पट्टा बांधलेला हात वर केला. टाळ्या आणखी वाढल्या. एका बाईने तर डोळे पुसले. गोजराबाई खाली बसली आणि शेजारी येऊन टेकलेल्या नवऱ्याला म्हणाली, "ही मान्सं भैरी हायेत का वो?"

पोहे आणि चहा सुरू झाला तेव्हा दिग्विजयांनी कोंडाजींना दंडाला धरून व्यायामाच्या खोलीत नेलं. दार लोटलं. पहाटेचा विचार टाकणारा हा माणूस आता अगदी वेगळ्या आवाजात बोलत होता.

"काका, ते मघाशी म्हणालात... खरं होतं?"

"व्हय."

"खाली गळू येतं ते?"

"व्हय की."

दिग्विजयांनी श्वास सोडला. "मला तीन महिने झाले. मिटिंगमध्ये मी उभा राहून बोलतो. लोकांना वाटतं, जोश आहे."

कोंडाजींनी त्यांना हळू आवाजात सांगितलं, घामाची चड्डी आल्या आल्या बदलायची, जागा कोरडी ठेवायची, गळू असताना चार दिवस सायकलला हातच लावायचा नाही, आणि बरं नाही झालं तर लाज सोडून डॉक्टरला दाखवायचं. दार उघडून दोघं बाहेर आले तर बाहेर आणखी तिघं उभे होते. प्रत्येकाला काकांशी एकट्याने बोलायचं होतं. स्वानंद रांगेच्या टोकाला पोह्यांची बशी घेऊन उभा होता आणि कुणाकडेही बघत नव्हता.

कोंडाजींनी जुईलीचं ऐकून बघितलं. सीट दोन बोटं वर घेऊन ते पहिल्याच दिवशी सतराव्या व्हॉल्व्हपाशी आडवे पडले. पाय टेकायला गेले तो जमीन होती त्याहून खाली होती. मग त्यांनी एक बोट उतरवली, आणि झाकणाशेजारी दगड असेल तिथेच उतरायची सवय लावून घेतली. गुडघा निम्म्याने बरा आहे. बोटांना थंडीत मुंग्या येतात. टाकीचा चढ ते चालत चढतात, आणि सव्विसाव्या व्हॉल्व्हनंतर सगळ्यांदेखत पायरीवर बसतात. गोजराबाईला महिनाभर मनगट हलवायची मनाई झाली तेव्हा तेल त्यांनी स्वतः लावून बघितलं. दहा मिनिटांत हात भरून आले. त्याविषयी ते कुणाशी बोललेले नाहीत, पण मनाईचा महिना संपून चार महिने झाले तरी बाटली त्यांच्याच हातात आहे.

पेडल परिवाराची मात्र पार घडी बदलली. एकदा दुखतं म्हणायला हरकत नाही हे कळल्यावर माणसं थांबेनात. रविवारची वीस किलोमीटरची फेरी आठवर आली आणि पौड रस्त्यावरच्या टपरीवर चहा दीड तासाचा झाला. कुणी पाठ सांगतो, कुणी तळपाय. ज्याचं काहीच दुखत नाही तो जरा बाजूला पडतो. दिग्विजय अजूनही पहाटे विचार टाकतात, पण हल्ली त्यात जुईलीच्या गाळ्याचा पत्ता असतो.

मागच्या रविवारी कोंडाजी टपरीवर थांबले. निघणारच होते, पण दिग्विजयांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि "हे बघा, इथे, वाटीच्या खाली," म्हणून त्यांचा हात नेऊन ठेवला. मग दुसऱ्याने मान दाखवली. मग स्वानंदने, आता काही लपवायचं नसल्यामुळे, चपला काढून टाच दाखवली. तेवढ्यात दिग्विजयांचा फोन वाजला. त्यांच्या बायकोचा आवाज टपरीवाल्यालाही ऐकू येत होता. साडेनऊ झाले, टाकी कोरडी, पाहुणे यायचेत, तो पाणीवाला कुठे मेलाय जरा बघता का?

दिग्विजयांनी कोंडाजींकडे बघितलं. कोंडाजींनी घड्याळाकडे बघितलं.

"निगाल्यात म्हून सांगा," ते म्हणाले, आणि कपातला उरलेला चहा संपवून सायकलीकडे गेले, सावकाश, कारण खूप वेळ बसलं की गुडघा पहिली दहा पावलं ऐकत नाही.